पुस्तक फाटलं तर फाटू द्या

जिल्हा परिषदेच्या शाळेत रंगीत चित्रांचं पुस्तक आलं, की त्याला आधी खाकी कव्हर चढतं. चित्रकारानं महिनाभर खपून केलेलं मुखपृष्ठ त्या कागदाखाली जातं. वर मार्करनं दाखल क्रमांक पडतो आणि आत ठरलेल्या पानावर शाळेचा जांभळा शिक्का बसतो, मग त्या पानावर मांजर असो की आजीचा चेहरा. त्यानंतर कपाट. लोखंडी, हिरवट, एक दार जरा ओढूनच उघडावं लागणारं. किल्ली ज्यांच्याकडे ग्रंथालयाचा चार्ज आहे त्या गुरुजींकडे, आणि ते गुरुजी आज प्रशिक्षणाला गेलेले.

यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पुस्तक टिकावं म्हणूनच हा सगळा खटाटोप. पण टिकवून करायचं काय, असं विचारलं की उत्तर एकच येतं: 'सर, चार्ज द्यावा लागतो.' बदली झाली की पुढच्याला पुस्तकं मोजून द्यायची, कमी भरली तर खुलासा लिहायचा, वसुली निघाली तर ती आपल्या अंगावर येणार ही धास्ती. अशा व्यवस्थेत पुस्तक पोरांच्या हातात देणारा शिक्षक म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर धाडस करणारा शिक्षक. असे शिक्षक मराठवाड्यात आहेत, बरेच आहेत. पण साधी, चांगली गोष्ट घडायला धाडस लागत असेल तर खोट माणसात नाही, नियमात आहे.

मराठवाड्यात मुलांना पुस्तकं मिळत नाहीत, हे आपलं जुनं रडगाणं. ते खोटं नाही. तालुक्याच्या गावीसुद्धा पुस्तकाचं दुकान म्हणजे गाईड, वह्या, स्पर्धापरीक्षेचे ठोकळे आणि काउंटरवर टांगलेली रंगवायची पुस्तकं. पण जी पुस्तकं शाळेपर्यंत पोचली त्यांचं पुढं काय झालं, हा हिशेब कुणीच मागत नाही. माझं म्हणणं असं आहे की पहिली ते तिसरीच्या मुलांसाठीचं चित्रांचं पुस्तक ही जपून ठेवायची नाही, वापरून संपवायची वस्तू आहे, आणि सरकारनं हे लेखी मान्य करावं. हे म्हणणं नुसतं कारकुनी वाटेल. तसं ते नाही. आपण त्या पुस्तकाला समजतो काय, यावर ते सगळं अवलंबून आहे.

माधुरी पुरंदरे यांचं काम समोर ठेवून बोलू. मराठीत लेखन आणि चित्रं ही दोन्ही कामं एकाच हातानं, इतकी वर्षं आणि इतक्या लहान वयाच्या वाचकासाठी केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही. चित्रकलेचं रीतसर शिक्षण, फ्रेंच भाषेचं अध्यापन, रंगभूमीवरचं गाणं आणि अभिनय, पिकासोचं मराठी चरित्र, असा सगळा ऐवज गाठीशी असलेली ही बाई 'राधाचं घर' लिहिते तेव्हा त्यात राजा नसतो, राक्षस नसतो, बोधही नसतो. घरातली माणसं असतात. 'यश'च्या पुस्तकांतही तेच, 'बाबांच्या मिशा'तही तेच: रोजचं घर, रोजची माणसं, रोजच्या कुरबुरी. साहित्य अकादमीनं 2014 साली त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला, आणि 2016 साली टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाचा 'बिग लिटल बुक' पुरस्कारही मिळाला. पुरस्कारांमुळे त्यांचं नाव आपल्याकडच्या शिक्षकांना माहीत झालं, हे बरं झालं. पण त्या पुस्तकांत नेमकं काय घडतं याची चर्चा मात्र 'सुंदर चित्रं आहेत हो' याच्या पुढं फारशी जात नाही.

घडतं ते असं. लिहिणारा आणि काढणारा एकच असला की काय लिहायचं नाही, हे त्याला ठरवता येतं. आपल्याकडे एरवी रीत उलटी. आधी मजकूर जुळतो, पानं पडतात, मोकळी जागा उरली की चित्रकाराला बोलावून सांगतात, 'इथं एक ससा टाका.' मजकुरात 'पांढराशुभ्र ससा टुणटुण उड्या मारत होता' असं आहेच, म्हणून चित्रातही पांढराशुभ्र ससा टुणटुण उड्या मारतो. मुलाला वाचता येत नसलं तर चित्र कळतं, वाचता येत असलं तर चित्राची गरज उरत नाही. दोन्हीकडून एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. पुरंदऱ्यांच्या पानावर शब्द एक सांगतात, चित्र त्याच्या बाजूचं काहीतरी सांगतं, आणि दोन्ही जोडायचं काम मुलावर सोडलेलं असतं. आई रागावली आहे असं लिहावं लागत नाही. तिच्या उभं राहण्यात ते असतं.

जगात हा प्रकार जुना आहे. बीट्रिक्स पॉटर या इंग्रज बाईनं आपल्या सशाचं पुस्तक 1901 साली पदरमोड करून 250 प्रतींचं छापलं, आणि पुढच्या वर्षी ते प्रकाशकाकडून निघालं तेव्हा आकार लहानच ठेवायचा, मुलाच्या हातात मावेल एवढा, हा तिचा आग्रह होता. एरिक कार्ल या अमेरिकन चित्रकाराच्या 1969 मधल्या खादाड अळीच्या पुस्तकात पानांना खरोखरची भोकं आहेत, पानं कमीजास्त रुंदीची आहेत. अमेरिकेत ती छपाई परवडेना म्हणून पुस्तक जपानमध्ये छापून घ्यावं लागलं. त्या भोकात बोट घालायचं असतं. बोट घातलं की कधी ना कधी पान फाटणारच, हे काढणाऱ्याला ठाऊक असतं. ते त्यानं मान्य केलेलं असतं. मान्य नसतं ते आपल्या दाखल रजिस्टरला.

जाता जाता एक सांगतो. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मुलांच्या पुस्तकांच्या पीडीएफ फिरत असतात, 'जरूर डाउनलोड करा' असं वर लिहून. त्यातल्या पुष्कळ चोरीच्या असतात आणि त्या चित्रकाराच्या पोटावर पाय देतात. पण तो मुद्दा बाजूला ठेवला तरी, पहिलीतलं मूल सरांच्या मोबाइलच्या काचेवर चित्र बघतं तेव्हा पान त्याच्या ताब्यात नसतं. मागं जाता येत नाही, बोट ठेवून थांबता येत नाही, शेजारच्याच्या डोक्यावर डोकं ठेवून दोघांना एकदम बघता येत नाही. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक सरकारनंच फुकट वाचायला ठेवले आहेत, ते अवश्य बघावेत. मोठ्यांनी तर बघावेतच, मराठीत मुलांसाठी चित्रं काढणाऱ्यांची केवढी मोठी फळी होती हे कळायला. पण सहा वर्षांच्या पोराला कागदच हवा.

पुरंदऱ्यांच्या 'चित्रवाचन'मध्ये मोठाली, गजबजलेली चित्रं आहेत. ती बघत मुलांनी बोलायचं आहे. अशा तऱ्हेच्या बिनमजकुराच्या चित्रानं काय होतं ते मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत पाहिलं. चित्र आठवडी बाजाराचं होतं. भाजीवाल्या, बांगड्यांचं दुकान, तराजू धरलेला वाणी, आणि चहाच्या टपरीपाशी नुसताच उभा असलेला एक माणूस. पहिली-दुसरीची पोरं त्यावर ओणवी झाली होती. बाईंनी विचारलं, 'हा माणूस बाजारात कशाला आला असेल?'

एक पोरगा म्हणाला, 'उधारी मागाय.'

'कशावरून?'

'त्येच्या हातात पिशवीच न्हाई की.'

माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. बाजारात आलेल्या माणसाच्या हातात पिशवी नाही म्हणजे तो घ्यायला आलेला नाही; पुढ्यात पाटी नाही म्हणजे विकायला आलेला नाही; मग उरतं काय? पण त्याच्या पलीकडच्या पोरीला हे पटलं नाही. तिनं त्या माणसाच्या खांद्यावर बोट ठेवलं. 'दावं बगा की. म्हस इकून आलाय त्यो.' सगळ्यांनी वाकून बघितलं. खांद्यावर खरंच दोरीसारखं काहीतरी होतं. मग ते दावं की उपरण्याचा काठ यावरून जे भांडण जुंपलं ते मधली सुट्टी झाली तरी मिटेना.

ती पोरगी अजून जोडाक्षरं वाचत नाही, असं बाईंनी मला नंतर सांगितलं. म्हणजे शाळेच्या हिशेबी ती मागं आहे. पण तिनं जे केलं त्याला वाचनच म्हणतात. पानावर दिसतंय त्यावरून न दिसणारं ताडलं, पुरावा दाखवला आणि दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढलं. हेच आपण पाचवीत उताऱ्याखाली 'अनुमान करा' असा प्रश्न घालून मागतो आणि ते आलं नाही की कपाळाला हात लावतो.

गेली काही वर्षं वाचनाची पातळी हा शब्द शिक्षणखात्याच्या तोंडी बसला आहे. 2005 पासून 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या पाहणीचे अहवाल येऊ लागले, त्यात मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांवर तपासतात. ते काम मोलाचं आहे. त्याच्यामुळे मुलं शाळेत असूनही वाचू शकत नाहीत हे उघडं पडलं. पुढं 2021 मध्ये केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान आलं, 2026-27 पर्यंत तिसरीच्या मुलाला समजून वाचता आलं पाहिजे हे उद्दिष्ट घेऊन. उद्दिष्टात 'समजून' आहे हे महत्त्वाचं. पण वर्गापर्यंत येता येता 'समजून' गळतं आणि 'वाचता' उरतं. मग अक्षरांचे तक्ते, शब्दपट्ट्या, घड्याळ लावून वाचन. मोजायचं साधन होतं त्याचीच आपण शिकवायची पद्धत केली. त्या पायऱ्यांत चित्र कुठंच नाही, म्हणून वर्गातही चित्राला काम उरलं नाही. ते वर्ग सजवायच्या दिवशी भिंतीवर चढतं.

मराठवाड्याला हे दुप्पट महागात पडतं, कारण इथल्या पहिलीच्या वर्गात पुस्तकातली मराठी घरून घेऊन येणारी मुलं थोडी. तांड्यावरचं बंजारा पोर गोरमाटी बोलत येतं, नांदेड, परभणी, संभाजीनगरच्या कितीतरी घरांत दखनी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, कन्नड, उमरग्याकडे कन्नड. आणि मराठी घरातलं मूलही 'आलाव', 'गेलाव', 'कामून' म्हणत येतं आणि पहिल्याच आठवड्यात त्याला कळतं की आपण बोलतो ते चुकीचं आहे. मजकुराचं पान उघडलं की या मुलाची जीभ अडते. चित्राचं पान उघडलं की अडत नाही, कारण चित्र कुठल्याच बोलीत छापलेलं नसतं. चुलीपुढं बसलेल्या बाईला कुणी आई म्हणो, कुणी अम्मी, कुणी याडी. आधी ती बोलतात, मग बाई फळ्यावर लिहितात. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण, असं आहे. प्रत्येक तांड्यावर गोरमाटी पाठ्यपुस्तक जाईल तेव्हा जाईल. बिनमजकुराचं चित्रपुस्तक उद्या सकाळी जाऊ शकतं.

यावर पालक काय म्हणतात, तेही ऐकलं पाहिजे. लातूरच्या पॅटर्ननं सगळ्या मराठवाड्याला एक स्वप्न दिलं: पोरगं डॉक्टर होईल. जमीन विकून शिकवणीची फी भरणाऱ्या बापाला 'चित्रं बघू द्या त्याला' असं सांगणं सोपं नाही. 'चित्रं बघून पोट भरतंय व्हय?' हा प्रश्न तो विचारणारच. मग चित्रपुस्तकांची बाजू घेणारे लोक घाईघाईनं सांगू लागतात, की चित्रं बघून निरीक्षण वाढतं, पुढं जीवशास्त्राच्या आकृत्या चांगल्या कळतात, नीटला मार्क पडतात. खरंही असेल. मला मात्र ही वकिली आवडत नाही. सहा वर्षांच्या पोराला हसू यावं म्हणून काढलेलं चित्र बारा वर्षांनी होणाऱ्या परीक्षेच्या नावावर का खपवायचं? त्या बापाला उत्तर द्यायचंच तर हे पुरे आहे की, पोरगं पुस्तक आपणहून उघडेल. पुढचं पुढं.

चित्रातून गोष्ट सांगणं ही पुण्या-मुंबईहून आलेली नवी टूम आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आपलाच जिल्हा बघावा. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मातल्या राजपुत्राची कथा भिंतीवर आहे, आणि तोच राजपुत्र त्या भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटतो. मध्ये चौकटी नाहीत, खाली ओळ नाही. क्रम बघणाऱ्यानं लावायचा. शाळेची सहल जाते, रांग पाच मिनिटांत आत जाऊन बाहेर येते आणि मुलं वहीत 'अजिंठा लेणी जागतिक वारसास्थळ आहे' असं लिहून आणतात. त्या राजपुत्राला भिंतीवर शोधा आणि मोजा, एवढं एक काम दिलं असतं तर रांग हलली नसती.

पैठणचं उदाहरण तर याहून जवळचं. पैठणशैली म्हणून ओळखली जाणारी एकोणिसाव्या शतकातली चित्रं चित्रकथी लोकांची. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, दोन्ही बाजूंना चित्र, अशा कागदांची एका आख्यानाची पोथी. कथेकरी एकेक चित्र लोकांपुढं धरायचा आणि रामायण-महाभारतातलं आख्यान गाऊन, बोलून सांगायचा. मजकूर त्याच्या तोंडात, चित्र त्याच्या हातात. ही चित्रं गावोगाव हिंडली, हाताळली गेली, कडा झिजल्या. त्यांतली काही आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत, आणि संग्रहालयात असलेली चित्रं काचेआडच हवीत यात वाद नाही. पण आपण काय केलं? संग्रहालयाचा नियम शाळेच्या कपाटाला लावला आणि शाळेला द्यायचा चित्रकथी विसरून गेलो.

पुरंदऱ्यांनीच संपादित केलेल्या 'वाचू आनंदे'च्या संचात मराठीतल्या नामवंतांच्या उताऱ्यांशेजारी भारतीय चित्रं येतात, ती याच समजुतीनं: मुलाला शब्द आणि चित्र दोन्ही वाचता यावेत, दोन्हीत बरंवाईट कळावं. लहान मुलांना 'लहान' चित्र दिलं पाहिजे असं तिथं कुणी धरून चाललेलं नाही. तो संच पाहिलेले, त्यावर मुलांशी बोललेले शिक्षक आपल्याकडे आहेत. पण अशी महागाची पुस्तकं शाळेत आली की त्यांच्या बाबतीत कुलूप आणखी पक्कं होतं.

आता पैशाचं आणि नियमाचं. 2018 पासून समग्र शिक्षा अभियानात शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेला पाच हजारांपर्यंत. रक्कम मोठी नाही, आणि ती वेळेवर व पुरती पोचणं हा निराळा विषय. पण ती दर वर्षाची आहे हे लक्षात घ्या. दर वर्षी नवी पुस्तकं यावीत असं सरकारला वाटतं, तर जुनी कुठंतरी संपलीही पाहिजेत. खडूचा खोका आणला तर वर्षाच्या शेवटी कुणी खडू मोजून मागत नाही. खोका भरलेला सापडला तर उलट विचारतील, शिकवलं का नाही? पहिली ते तिसरीच्या चित्रपुस्तकांना तोच न्याय लावा. घेताना नोंद करा, अमुक वर्षांनी ती आपोआप खर्ची पडली असं धरा. सार्वजनिक ग्रंथालयांत जीर्ण पुस्तकांचं निर्लेखन करायची, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकायची रीत आहेच. शाळेत तिच्यासाठी ठराव, समिती, पंचनामा असला बाऊ नको. मुख्याध्यापकांची सही पुरे. शासन निर्णयाच्या अर्ध्या पानात बसेल एवढं हे काम आहे.

'मग गुरुजी पुस्तकं घरी नेतील,' हा आक्षेप मी दोन-तीन अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. नेऊ द्या की. गुरुजींच्या घरीही पोरं असतात. चोरीची भीती घालून सगळी पुस्तकं कोंडायची, हा कुठला हिशेब? एक गेलं असतं ते वाचवायला शंभर अडकवून ठेवली. आणि 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन आला की हीच पुस्तकं सतरंजीवर मांडायची, पोरांना रांगेत बसवून एकेक हातात द्यायचं, फोटो काढायचा, लिंकवर टाकायचा आणि चारच्या आत मोजून परत ठेवायची. फोटोत पुष्कळदा पुस्तक उलटं धरलेलं असतं.

सगळ्यात अवघड प्रश्न ऊसतोडणीला जाणाऱ्या घरांचा. बीडमधून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जाण्यावाचून इलाज नसतो. काही मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची बिऱ्हाडाबरोबर फडावर. शाळा बुडते ती चार-पाच महिने. त्यांच्यासाठी तिथं साखरशाळा असावी, वसतिगृहं नीट चालावीत, हे सगळं बरोबर आणि ते व्हायलाच हवं. पण बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढतं त्या दिवशी त्या पोराच्या हातात चार चित्रपुस्तकं द्यायला काय अडचण आहे? अडचण एकच: ती परत येणार नाहीत. कोपीत पाऊस गळेल, चुलीची राख उडेल, धाकटं भावंड पान चावेल. नाहीच येणार परत. पण ज्या पोराला हंगामभर शिकवायला कुणी नाही त्याच्याजवळ ते पुस्तक असेल, आणि चित्राचं पुस्तक असं आहे की ते उघडायला मास्तर लागत नाही. मजकुराचं पुस्तक दिलं तर पहिलीतलं मूल त्याचं काय करणार? त्या बिऱ्हाडासाठी तरी चित्रांवाचून पर्याय नाही.

एक टीका मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. पुरंदऱ्यांची पुस्तकं शहरी मध्यमवर्गाची आहेत, आमच्या पोरांना त्यात आपलं घर दिसत नाही, असं गावाकडचे शिक्षक म्हणतात. बऱ्याच पुस्तकांपुरतं ते खरं आहे. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्याव्यात. दुसऱ्याचं घर बघायला पोरांना आवडतं. टीव्हीवर त्यांना कोणतं घर दिसतं? आणि दुसरं, पुरंदरे ज्या घराबद्दल लिहितात ते त्यांना खडान्खडा माहीत आहे, म्हणून ते चित्र जिवंत होतं. त्यांनी उद्या उगाच बीडचा तांडा काढायला घ्यावा असं मला मुळीच वाटत नाही. ते काम इथल्या माणसाचं. ते आपल्याकडून झालेलं नाही याचा राग पुण्याच्या लेखिकेवर काढून उपयोग नाही.

वेळा अमावस्या, म्हणजे बोलीतली येळवस, घ्या. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी शहरंसुद्धा ओस पडतात, सगळी माणसं शेतात. येळवस हा चित्रपुस्तकासाठी इतका तयार विषय आहे की तो कुणी का घेत नाही याचं नवल वाटतं. पण तो काढायचा तर काय काय माहीत पाहिजे! कडब्याची कोप कशी उभी करतात, पेंड्या कुठून बांधत आणतात. आत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पाच पांडव. आंबिलीचं मडकं डोक्यावर घेतलेल्या बाईची मान कशी ताठ राहते. भज्जीचा रंग, उंड्यांचा आकार. 'ओलगे ओलगे' म्हणत कोपीभोवती फिरताना पुढं कोण असतं आणि मागं रेंगाळणारं पोरगं कुठं बघत असतं. त्या दिवसांत ज्वारी केवढ्या उंचीची झालेली असते आणि सहा वर्षांच्या पोराच्या डोक्याच्या किती वर जाते. संध्याकाळी कडब्याची पेंडी पेटवून पिकाभोवती फिरवतात तो उजेड ताटांवर कसा पडतो. हे इंटरनेटवर शोधून काढता येणार नाही. ज्यानं ती आंबील प्यायली आहे त्यालाच येईल.

अशी माणसं आहेत का? संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे. तिथून शिकून बाहेर पडणारी खेड्यातली मुलं फ्लेक्स करतात, लग्नाच्या पत्रिका करतात, चित्रकलेचे शिक्षक होण्याची वाट बघतात. मुलांच्या पुस्तकाचं काम त्यांच्याकडे येतच नाही, कारण मराठवाड्यात ते काम देणारं कुणी नाही. आलंच तर सांगणारा लेखक म्हणतो, 'दहा-बारा चित्रं टाका, मानधनाचं बघू नंतर.' पुस्तक छापून आलं की वर लेखकाचं नाव ठळक, चित्रकाराचं आत बारीक अक्षरात, छपाईवाल्याच्या खाली. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून आहे, तो लेखकाला मिळतो. चित्रकाराला त्यात जागा नाही. 'बिग लिटल बुक'नं लेखक आणि चित्रकार असे दोन विभाग ठेवले, ही रीत आपल्या राज्य पुरस्कारांनी उचलायला हरकत नाही. आणि आपल्या विभागीय साहित्य संमेलनांचं तर बोलायलाच नको. तिथं बालसाहित्याचा परिसंवाद जेवणानंतरच्या डुलकीच्या वेळी असतो आणि व्यासपीठावर चित्रकार एकही नसतो. मुलं तर नसतातच. ती सकाळच्या ग्रंथदिंडीत लेझीम खेळून घरी गेलेली असतात.

जिल्हा परिषदांनी ठरवलं तर हे जुळवता येईल. आठ जिल्हे आहेत. प्रत्येकानं वर्षाला एक चित्रपुस्तक करून घ्यावं, आपल्या जिल्ह्यातल्या चित्रकाराकडून, त्याला ठरलेलं मानधन आधी देऊन, नाव मुखपृष्ठावर घालून. परीक्षकांत एक तरी पहिलीची बाई असावी. छपाई जाड कागदावर, शिवलेली. पिन मारलेली नको, पिन आधी निघते आणि मग गंजून बोटाला लागते. दोन जिल्ह्यांनी एकमेकांची पुस्तकं अदलाबदल करून घेतली तर हिंगोलीच्या पोराला येळवस कळेल आणि लातूरच्या पोराला औंढ्याची जत्रा.

आणि केंद्रप्रमुख शाळाभेटीला जातात तेव्हा त्यांच्याजवळ एक नमुना असतो: पटसंख्या, हजेरी, पोषण आहार, स्वच्छतागृह, ग्रंथालयातली एकूण पुस्तकं. त्या शेवटच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा, या वर्षात वापरून फाटलेली चित्रपुस्तकं किती. आकडा मोठा असला तर खुलासा मागू नये, नवी पुस्तकं पाठवावीत. जिथं शून्य लिहून आलं असेल त्या शाळेत पुढच्या महिन्यात पुन्हा जावं, आणि कपाट उघडायला लावावं.